बारावी ओळ

वेटरनं टेबलाच्या मधोमध नंबर ठेवला आणि जेकशेनच्या घशात चहा अडकला. ऑर्डर कुणाची ते चुकू नये म्हणून कुठल्याही हॉटेलात ठेवतात तसाच नंबर, पण हा प्लास्टिकचा नव्हता. पितळेचा, लांबट गोल, वरच्या टोकाला खिळ्यावर अडकवायचं भोक, भोकाखाली एकमेकांवर आडवे टाकलेले कुदळ आणि हातोडा, आणि त्याखाली सदतीस. सातच्या आकड्याचा पाय जरा तिरका होता. तिथल्या सगळ्याच नंबरांवर सातचा पाय तिरका असायचा, कारण मूळ ठसाच तसा होता. हे ठाऊक असलेली माणसं आता जगात किती उरली असतील, असा विचार करत तो नुसता बघत राहिला. नातीचा वाढदिवस होता. केक यायचा होता. "बाबा, ठसका लागला का?" म्हणून चिनारानं, त्याच्या मुलीनं, पाठीवर थोपटलं. जावई मेलिस स्वभावानं गमत्या. तो म्हणाला, "बाबांना नंबर पसंत पडलाय. घाला खिशात, मी वेटरला बोलण्यात गुंतवतो." सगळे हसले. जेकशेनही हसला असावा. मग हॉटेलचा तरुण मालक आपण होऊन टेबलापाशी आला, कारण जुन्या वस्तू कुणी निरखल्या की त्याला फार आनंद व्हायचा. "काराजारच्या खाणकामगार क्लबातले आहेत, आजोबा. कोट ठेवायची खोली असायची ना, तिथले. पोतंभर मिळाले. तिथल्या बाईनंच दिले. झुंबर पण यायचंय, दाराच्या मुठी पण. इमारत पाडतायत. या आठवड्यात आतला संगमरवर काढणार म्हणे."

संगमरवर म्हणजे ती पाटी. काराजारच्या क्लबात दुसरा संगमरवर नव्हताच. दारातून आत शिरलं की डावीकडे कोटांची खिडकी, उजवीकडे भिंतीत बसवलेली तांबूस पाटी, तिच्यावर शहात्तर सालच्या स्फोटात गेलेल्या अकरा जणांची नावं, आणि नावांखाली एक मोकळी ओळ. ती ओळ मोकळी का, हे गावात कुणी विचारलं नाही. कारागिराचा अंदाज चुकला असेल असं सगळ्यांनी धरून चालवलं. जेकशेनला ठाऊक होतं. आणि गेली त्रेचाळीस वर्षं त्यानं स्वतःला एकच वायदा केला होता, की एक दिवस काराजारला जायचं, त्या पाटीसमोर उभं राहायचं आणि चुलतभावाच्या बायकोला, आनारकुलला, सांगायचं की ती ओळ तुमच्या नवऱ्याची आहे. पाटी तिथं होती तोवर हा वायदा पुढे ढकलता येत होता. जागेवर आहे ना, मग जाऊ, थंडी सरू दे, चिनाराचं लग्न होऊ दे, गुडघा बरा होऊ दे. भिंतीनंच त्याला इतकी वर्षं सांभाळून घेतलं होतं म्हणायचं. आता भिंतच निघाली होती. केक आला, नातीनं मेणबत्त्या विझवल्या, आणि सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवताना त्याच्या लक्षात आलं की आपण नंबर मुठीत घेतलाय आणि त्याची कड तळहातात रुतते आहे.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. पेन्शनच्या कागदाचं काम आहे असं घरी सांगून तो सकाळच्या मिनीबसनं निघाला. खोटं सांगताना त्याला कधी कष्ट पडत नसत. हळू आवाजात सांगितलं की माणसं विश्वास ठेवतात, हे त्याला फार लवकर कळलं होतं. बस दरीत शिरली तशी उजव्या बाजूला दगडी कोळशाच्या राखेच्या टेकड्या लागल्या, आणि त्यानं डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांना क्लब नेहमीच नवा दिसायचा. महायुद्धानंतर जपानी युद्धकैद्यांनी बांधलेला. जेकशेनच्या वडिलांनी त्यांच्या बरोबरीनं विटा वाहिल्या होत्या, आणि त्यांच्यातला एक जण गवंडीकाम करताना भिंतीला कान लावायचा असं ते सांगत. सहा खांब, नऊ पायऱ्या, आणि तोंड थेट खाणीच्या फाटकाकडे. मधे फक्त रस्ता. हे असं का बांधलं, त्याची दोन कारणं सांगायचे. पाळी सुटलेल्या माणसाला पहिल्यांदा काय दिसावं, तर दारूचं दुकान नको, क्लब दिसावा, हे सरकारी कारण. दुसरं गावाचं. फाटकाशी उभ्या राहिलेल्या बायकांची गर्दी साहेबांना आवडत नसे, म्हणून नियमच होता: भोंगा वाजला की घरच्यांनी फाटकाकडे धावायचं नाही, क्लबात जाऊन बसायचं. मग मुकादम येणार, स्टेजवर उभा राहणार आणि नंबर वाचणार. नावं नाहीत, नंबर. खाली जाताना प्रत्येक जण खाणीचे दिवे वाटायच्या खिडकीतून आपल्या नंबराचा पितळी बिल्ला घ्यायचा, वर आला की परत टांगायचा. फळ्यावर जो खिळा रिकामा, तो माणूस खाली. ज्या हॉलमध्ये गावातली लग्नं लागत, मतं पडत, पोरं नाच शिकत आणि डिसेंबरात नव्या वर्षाचं झाड सजवलं जाई, त्याच हॉलमध्ये त्याच खुर्च्यांवर बसून बायका आपल्या नवऱ्याचा आकडा येतो का ते ऐकत. छतावर प्लास्टरची मोठी वेल होती, तिच्यात गव्हाच्या ओंब्या आणि कुदळी गुंफलेल्या. तिच्यामुळे की त्या कान लावणाऱ्या गवंड्यामुळे, आवाज मात्र असा खेळायचा की स्टेजवर कुजबुजलं तरी अठराव्या रांगेत ऐकू जायचं.

म्हणून तिथं प्रॉम्प्टिंग करणं अवघड काम होतं, आणि जेकशेन ते करायचा. स्टेजच्या कडेला, फूटलाइटच्या मधोमध, एक खड्डा होता. त्यात छातीपर्यंत उतरायचं, डोक्यावर लाकडी टोप, समोर नटांचे बूट. नट अडखळला की पुढचा शब्द असा द्यायचा की त्याला मिळावा आणि अठराव्या रांगेला मिळू नये. दिवसा खाणीत, संध्याकाळी या खड्ड्यात. मामबेत म्हणायचा, "तुला जमिनीच्या वर करमतच नाही का रे?" मामबेत त्याचा चुलतभाऊ, एका वर्षानं मोठा, दोघं एकाच खाणीत. त्यालाही नाटकात घेतलं होतं एकदा. आवाज एवढा, की नाटक बसवणाऱ्या ओल्गा फ्योदोरोव्ना बाईंनी तिसऱ्या दिवशी हात जोडले. "मामबेत, प्रेयसीशी बोलतोयस, पलीकडच्या डोंगरावरची मेंढरं हाकत नाहीयेस." सगळी मंडळी पोट धरून हसली आणि सगळ्यात मोठ्यांदा मामबेतच हसला. त्याची बायको आनारकुल तेव्हा नवी नवरी. सासरच्या माणसांची नावं सुनेनं घ्यायची नसतात, टोपणनावं ठेवायची असतात, तसं तिनं जेकशेनचं नाव ठेवलं कुजबुज्या. "कुजबुज्या भावजी, जेवायला चला." त्याला ते आवडायचं. खरं तर ती त्या घरातली पहिली व्यक्ती, जिनं तो काय करतो याकडे लक्ष दिलं होतं.

बस एका ढाब्याशी थांबली, कुणी उतरलं, कुणी चढलं, आणि मनात नको ती संध्याकाळ सुरू झाली. ती रोज तशीच सुरू होते, मधूनच, कुठल्याही तयारीशिवाय. राजधानीतून परीक्षक आले होते, स्पर्धा होती, आणि जेकशेनची दुसरी पाळी होती. मुकादम रिसबेकनं रजा नाकारली. मामबेतची त्या दिवशी सुट्टी होती. तो सहज म्हणाला, "तुझा नंबर मी घेतो. खिडकीतली म्हातारी थोबाड बघते कुठं, आकडा बघते." अशी अदलाबदल सगळेच करत. लग्न असलं, मेंढी व्यायली, डोकं चढलं, की कुणीतरी कुणाच्या तरी नंबरवर खाली जायचं. गुन्हा होता तो, पण तेवढाच. मामबेतनं घरी सांगितलं की शेजारच्या गावात मेंढी बघायला जातो, कारण सुट्टीच्या दिवशी खाली गेलेलं आनारकुलला खपलं नसतं, तीन महिन्यांचा एमिल मांडीवर होता. तीन वाजता त्यानं एकशे अठ्ठेचाळीस नंबरचा बिल्ला घेतला. सहाला पडदा उघडला. दुसऱ्या अंकात, पडद्यावर रंगवलेल्या तंबूसमोर नायिका बापाचा निरोप घेत असताना, भोंगा वाजला. नटीनं वाक्य अर्धं सोडलं. जेकशेननं सवयीनं पुढचे शब्द दिले. तिनं खाली त्याच्याकडे पाहिलं, आणि मग त्यालाही भोंगा ऐकू आला.

खड्ड्यातून तो बाहेर पडलाच नाही. टोपाखालीच बसून राहिला. दोन तासांनी रिसबेक आला, काळाठिक्कर, आणि फूटलाइटच्या अगदी कडेला, जेकशेनच्या हातभर अंतरावर उभा राहिला. हॉल भरलेला होता आणि एक लेकरू सोडलं तर आवाज नव्हता. ते लेकरू एमिल होतं. आनारकुल शेजारणीच्या सोबतीला आली होती, आपल्याला काही होणार नाही म्हणून निवांत, आणि बायकांना पाणी देत फिरत होती. रिसबेक वाचू लागला. एकशे एकतीस. एकशे चाळीस. प्रत्येक आकड्यामागून एक किंकाळी, मग पुढचा आकडा. कागद पातळ होता, खालून दिव्यांचा उजेड त्याच्यातून यायचा, आणि जांभळ्या पेन्सिलीचे आकडे जेकशेनला मागून उलटे वाचता येत होते. रिसबेक पुढच्या आकड्याशी आला आणि थांबला. एकशे अठ्ठेचाळीस. त्याची नजर खाली वळली. एकशे अठ्ठेचाळीस नंबरचा माणूस त्याच्या बुटांसमोर, लाकडी टोपाखाली जिवंत बसला होता. म्हणजे त्या नंबरवर दुसरंच कुणी खाली होतं, आणि ते कोण हे आता सगळ्या गावासमोर विचारावं लागणार होतं. रिसबेकचे ओठ हलले, शब्द येईना. आणि जेकशेननं, समोरचा माणूस अडखळला की जे करायचं तेच केलं. पुढचं दिलं. "एकशे बावन्न," तो कुजबुजला. "एकशे बावन्न," रिसबेक मोठ्यांदा म्हणाला, आणि तिसऱ्या रांगेतली एक बाई कोसळली. एवढंच घडलं. मामबेतला त्यानं तेवढ्या एका श्वासात गाडला. ज्यांना नंबर मिळाले त्या बायका स्टेजवर चढल्या आणि नवरा गेलेल्या बाईची रीत म्हणून तंबूच्या भिंतीकडे तोंड करून बसल्या. तो रंगवलेला कापडी तंबू होता याचं कुणालाच भान नव्हतं. त्यांचा विलाप ऐकत आनारकुल त्यांना पाणी देत राहिली.

नंतरचं सगळं आपोआप झालं. खाणीत आग लागली, अकरा मृतदेह काढून झाल्यावर ती बाजू विटा आणि चिखलानं बंद केली, बाराव्याला कुणी शोधलं नाही. रिसबेकनं एकशे अठ्ठेचाळीसचा नवा बिल्ला टांगला आणि जेकशेनशी जन्मात पुन्हा बोलला नाही. पाटीची ऑर्डर मात्र पहिल्याच रात्री, रिकाम्या खिळ्यांवरून गेली होती, बारा ओळींची. आणि तिसऱ्या दिवशी आनारकुल जेकशेनच्या दारात आली. "भावजी, हे अजून आले नाहीत मेंढी बघून. तुम्हाला काही बोलले होते?" तो म्हणाला, "रशियात कुझबासला जायचं म्हणत होता. तिकडे खाणीत पगार बरा आहे." दोन दिवस निभावून न्यावेत, मग सांगू, असं त्याच्या मनात खरोखरच होतं. पण त्याचं वाक्य गावानं उचललं आणि मोठ्या आवाजात म्हटलं. महिन्याभरात मामबेतला बसमध्ये चढताना पाहिलेली माणसं निघाली. हिवाळ्यापर्यंत त्याच्यासोबत एक बाईही निघाली, आणि तोवर जेकशेननं गाव सोडलं होतं.

काराजारला उतरला तेव्हा बाराचा सुमार होता. क्लब होता, पण दारं नव्हती. खांबांचं प्लास्टर कमरेपर्यंत गळलं होतं आणि पायऱ्यांवर खिडक्यांच्या चौकटी रचून ठेवल्या होत्या. समोर खाणीचं फाटक साखळीनं बांधलेलं, आत पुरुषभर गवत. त्याला वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त भीती वाटली. आत तळणाचा वास होता. कोटांच्या खिडकीपलीकडे, जिथं एके काळी चारशे कोट टांगलेले असायचे, तिथं एक शेगडी, एक पलंग, आणि शेगडीपाशी आनारकुल. पाठ वाकलेली, हात तसेच भराभर चालणारे. गुरुवारी मेलेल्यांच्या नावानं तेल तापवून तळायचं असतं. वास त्यांच्यापर्यंत पोहोचतो, घरच्यांनी आठवण ठेवली हे त्यांना कळतं. समोरच्या भिंतीशी तिघं पोरं पहारी घेऊन पाटीच्या कडा मोकळ्या करत होती. तिचा खालचा एक कोपरा सुटलासुद्धा होता.

"कोण?" तिनं डोळे बारीक केले. मग ओळखलं. "अगंबाई! कुजबुज्या भावजी! अहो, म्हातारे झालात की. आणि लंगडताय का? बसा, त्या पेटीवर बसा, खुर्च्या गेल्या परवा." का आलात, हे तिनं विचारलंच नाही. ती बोलत राहिली. कुणीतरी बोलायला मिळालं होतं. पोतंभर नंबर त्या हॉटेलवाल्याला दिले, बदल्यात साखर नि पीठ आणून दिलंन, चांगला मुलगा आहे. इमारत गेल्यावर पुतणीकडे जाणार, तिचा नवरा तोंडाळ आहे पण चालायचंच. "एवढं आजचं तळून घेते. या अकरा जणांचं मीच काढते हो. बायका गेल्या त्यांच्या, पोरं रशियात. जन्मभर त्यांच्यासमोर बसले मी कोट सांभाळत, मग एवढं नको का करायला? माझ्या आईबापाचं सकाळीच झालं, आता या अकरांचं."

"आणि त्याचं?" जेकशेननं विचारलं.

तिनं झारा कढईच्या काठावर आपटला. "कुझबासवाल्यांचं? जिवंत माणसाच्या नावानं तळतात का कुठं? जिथं असेल तिथं खातोय की तो, त्या बाईच्या हातचं." हे ती इतक्यांदा म्हणाली असणार की त्यातला रागही गुळगुळीत झाला होता. "एमिलचं पण नाही तळत मी. पत्र नाही आलं म्हणून काय झालं. शोधत असेल अजून बापाला. हट्टी आहे." एमिल. जेकशेनला स्टेशन आठवलं, पंचाण्णव सालचं, एकोणीस वर्षांचा पोरगा, मामबेतचे खांदे, मामबेतचाच आवाज. "काका, बाबा नेमके कुठल्या गावात असतील हो?" फलाटावर आनारकुल पाणी आणायला गेली होती. दोन मिनिटं तरी ते एकटे होते. दोन मिनिटं पुष्कळ होती. जेकशेननं आपली केसाळ टोपी काढून पोराच्या डोक्यावर घातली आणि म्हणाला, "कुझबास मोठा आहे. विचारत जा." एमिलची दोन पत्रं आली, एका खाणीत लागल्याची. तिसरं आलंच नाही.

तिनं शेवटची पोळी काढली, सगळ्या एकावर एक ठेवून मोजल्या, आणि शेगडीची कळ फिरवायला हात पुढे केला.

"वहिनी, कढई उतरवू नका," तो म्हणाला. "अजून एक तळा."

"कुणाची?"

"मामबेतची."

तिचा हात कळीवर तसाच राहिला. तेल चुरचुरत होतं. तिनं त्याच्याकडे पाहिलंच नाही, तेलाकडे पाहत विचारलं, "कधी गेले?" बातमी तिकडून, रशियातून आली असणार, असं तिला वाटलं. तिच्या चेहऱ्यावर दुःखाआधी एक सुटल्यासारखा भाव आला, आणि तो पाहणं जेकशेनला सगळ्यात जड गेलं. मग त्यानं सांगितलं. खिडकीतली म्हातारी, तीन वाजता घेतलेला बिल्ला, खड्डा, कागद, एकशे बावन्न. सांगायला फार वेळ लागला नाही. त्रेचाळीस वर्षं त्याला वाटत आलं होतं की हे सांगायला रात्र लागेल, आणि ते एक पोळी तळून होण्याइतक्या वेळात संपलं. ती तेवढ्यात कणकेचा गोळा घेऊन लाटत होती. लाटला, तेलात सोडला, उलटला, काढला आणि त्या अकरांवर ठेवला.

"म्हणजे त्या संध्याकाळी," ती सावकाश म्हणाली, "मी पाणी देत होते."

"हो."

"आणि तुला माहीत होतं." तिनं त्याला लग्नानंतर कधी अरेतुरे केलं नव्हतं.

"हो."

"मी त्यांना शिव्या दिल्या रे. रोज. सकाळी उठून तोंड धुतलं की पहिली शिवी. या खिडकीत बसून. ते तिथं खाली, रस्त्यापलीकडे, आणि मी इथून..." तिनं ओठ आवळले. "त्या शिव्या आता कुठं नेऊ? मला सांग, त्या परत कशा घेऊ? आणि पोरगा? पोराला मी म्हणाले, जा, बाप शोधून आण, त्याच्या तोंडावर विचार. मीच पाठवला. तू टोपी दिलीस. केवढं कौतुक केलं मी त्या टोपीचं."

त्याला वाटत होतं की ती मारेल, कढई फेकेल, निदान किंचाळेल. ते त्याला हवंही होतं. पहारीवाली पोरं काम थांबवून बघत होती. ती उठली, डोक्याचा रंगीत रुमाल सोडला आणि ट्रंकेतला काळा काढून बांधला. मग म्हणाली, "बाहेर जा."

"वहिनी..."

"बाहेर जा आणि मयताच्या घरी पुरुष जसा येतो तसा आत ये. लांबून, ओरडत. तू त्यांचा भाऊ ना? माझ्याकडे कुणी आलेलं नाही अजून. त्या अकराजणींकडे सगळा गाव ओरडत आला. माझ्याकडे तू ये."

तो नऊ पायऱ्या उतरला, रस्त्याच्या मध्यापर्यंत गेला, वळला. आपल्याकडे पुरुष कसे येतात हे त्यानं शेकडो वेळा पाहिलं होतं. वाकून, धावत, "भावा रे, माझ्या भावा" असा टाहो फोडत. तो स्वतः अशा वेळी नेहमी घोळक्यात मागे राहायचा आणि नुसते ओठ हलवायचा. आता घोळका नव्हता. तो चढू लागला, तोंड उघडलं, आणि जे बाहेर आलं ते त्याचं त्यालाही जेमतेम ऐकू आलं. दारातून आत पाऊल टाकलं तेव्हा ती पाटीसमोर, जमिनीवर, भिंतीकडे तोंड करून बसलेली होती.

"ऐकू आलं नाही," ती न वळता म्हणाली.

तो परत उतरला. परत चढला. या वेळी आवाज फुटला, पण नावापाशी आला आणि विरून गेला. "ऐकू आलं नाही." पोरांपैकी एक जण म्हणाला, "अहो आजी, म्हाताऱ्याचा गुडघा बघा तरी." तिसऱ्यांदा उतरताना तो कठड्याला धरून उतरला. खाली आल्यावर त्यानं पहिल्यांदाच क्लबाकडे पाठ करून खाणीच्या फाटकाकडे नीट पाहिलं. साखळी, गवत, त्यामागे कुठेतरी ती विटांची भिंत. आपण एवढी वर्षं या अंगाला कधी तोंडच केलं नाही, खड्ड्यात बसणारा नेहमी स्टेजकडेच तोंड करून बसतो, असं काहीतरी त्याच्या मनात आलं आणि गेलं. मग तो वळला. "मामबेत!" तो ओरडला. "भावा रे! माझ्या भावा!" तो पायऱ्यांवर अडखळला, गुडघ्यावर आपटला, तसाच ओरडत वर गेला. आवाज दारातून आत शिरला, रिकाम्या हॉलमध्ये छताला जाऊन लागला आणि फिरून आला. पोरांनी पहारी खाली ठेवल्या आणि मयतासाठी दुवा मागत दोन्ही तळहात चेहऱ्यावरून फिरवले. आणि आनारकुलनं भिंतीकडे तोंड करून विलाप धरला. इतक्या वर्षांत तिनं तो कुठं साठवून ठेवला होता कोण जाणे. एकही शब्द अडत नव्हता.

त्याला वाटलं, झालं. तो तिच्यामागे बसायला गेला. तिनं विलाप मधेच तोडला. "तुझी जागा तिथं नाही. दाराशी मुलगा उभा राहतो, काठी घेऊन, येणाऱ्याला सामोरा. मुलगा माझा तू घालवलास. तू उभा राहा." फरशी पुसायच्या फडक्याचा दांडा कोपऱ्यात होता. तिनं तो बोटानं दाखवला. रंगीत रुमाल त्याच्या अंगावर टाकला, कमरेला बांधायला. "लोक येईपर्यंत हलायचं नाही."

काराजारमध्ये आता येणारं कोण होतं? तो सगळ्यात वरच्या पायरीवर, कमरेला फुलाफुलांचा रुमाल बांधून, दांड्यावर भार टाकून उभा राहिला. खिशात फोन थरथरत होता, चिनारा असणार. आतून विलाप येत होता आणि त्यात कुझबास नव्हतं, बाई नव्हती, फक्त तीन वाजता मेंढी बघायला गेलेला एक तरुण माणूस होता. दोनची मिनीबस आली, ड्रायव्हरनं भोंगा वाजवला, पाहिलं, आणि इंजिन बंद केलं. मयताच्या दारावरून पुढे जायचं नसतं. तो टोपी सावरत उतरला आणि अर्ध्या रस्त्यातच रीतीप्रमाणे ओरडू लागला, "भावा रे, माझ्या भावा!" कुणासाठी ते ठाऊक नसताना. पायऱ्या चढून आला, जेकशेनला त्यानं मिठीत घेतलं, पाठीवर थोपटलं. तो खाणकामगाराचाच पोरगा होता, हाताची पकड तशीच. "धीर धरा, आजोबा. त्यांची माती रेशमाची होवो. कोण गेलं?"

"मामबेत. माझा भाऊ."

"काय झालं होतं?"

आतला विलाप श्वासासाठी थांबला. की ऐकण्यासाठी, ते जेकशेनला कळलं नाही. या इमारतीत कुजबुज कुठवर जाते हे त्याला कुणी सांगायला नको होतं. तरी तो मोठ्यांदा बोलला, अठराव्या रांगेला जावं असं.

"माझ्या नंबरवर खाली गेला होता."

ड्रायव्हर काराजारचा होता, पाटीवरची ती मोकळी ओळ बघत वाढलेला. त्याला आणखी काही सांगावं लागलं नाही. पाठीवर थोपटणारे त्याचे हात थांबले, आणि मग सैल झाले.